एकाच कापडाचे दोन लाल फेटे

माझा मोठा भाऊ कडब्याच्या गंजीवरून पडला तेव्हा मी खाली उभा राहून त्याला पेंढी कशी रचायची ते सांगत होतो. त्यानं माझं ऐकलं असतं तर पडला नसता, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. घरात कोणी मानत नाही. पडला तो बंडीच्या चाकावर, डोकं आधी. रक्त फारसं आलं नाही म्हणून माय म्हणाली, वाचला. पण तो काही उठेना.

त्याच बंडीत घालून त्याला खामगावच्या दवाखान्यात नेला. बारा दिवस डोळे मिटून होता. तेराव्या दिवशी डोळे उघडले आणि पहिली गोष्ट विचारली ती भाकरीची. घरी आणायच्या दिवशी डाक्तर आम्हाला म्हणाला, "डोक्याच्या आत मार बसला आहे. हाड जुळतं तसं हे जुळत नाही. जीव वाचला, आता माणूस कसा होतो ते हळूहळू दिसेल. रोज तेच काम त्याच वेळेला द्या. गडबड करू नका. आणि नावानं हाक मारत जा." वर एक चिठ्ठी दिली, मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या शिक्क्याची. घरात दुसरीपर्यंत शिकलेला मी एकटा, म्हणून ती माझ्या हातात आली. चिठ्ठी इंग्रजीत होती. तरी मी ती पारावर सगळ्या गावाला वाचून दाखवली. आत काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही, पण कोणी उठून गेलं नाही.

नावानं हाक मारा, हे डाक्तरानं सांगितलं खरं, पण मारायची कोणी? भावाला नाव आमच्या आज्याचं. म्हणजे मायच्या सासऱ्याचं. माय ते तोंडातून काढणार नाही. बा आपल्या वडील मुलाचं नाव घेत नसे, तशी रीतच होती. वहिनी तर बायकोच, तिचा प्रश्नच नाही. मी त्याला जन्मापासून दादा म्हणत आलो. घरात पाच माणसं, आणि त्याचं नाव घेऊ शकेल असा एकही नाही. शेवटी बानं गावच्या न्हाव्याला सांगून ठेवलं. तो रोज सकाळी आमच्या दारात यायचा, दादाच्या नावानं तीन हाका मारायचा आणि भाकरी घेऊन जायचा.

दादा आतून ओ द्यायचा, बाहेर यायचा. "काय झालं?"

"काई नाई. चालू द्या तुमचं," न्हावी म्हणायचा.

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी दादा काठी घेऊनच बाहेर आला. "बिनकामाचा हाका मारतं रोज! तुले दुसरा धंदा नाई काय बे?" न्हाव्यानं त्या दिवशी भाकरीसुद्धा नेली नाही.

मला त्यातली गंमत तेव्हा दिसली नाही. मला एवढंच दिसलं की चार दिवस झाले तरी हाका मारल्याचं याच्या ध्यानात राहिलं. म्हणजे काही राहतं. मग मी का नाही राहत? कारण मला तो रोज सकाळी म्हणायचा, "राम राम पाव्हने. कुठले तुमी?"

त्याच्या डोक्यातली अलीकडची सात-आठ वर्षं पुसली गेली होती. त्याच्या हिशेबी त्याचा भाऊ अजून चड्डीत होता, आणि मी एक मिशावाला उपरा. वहिनीची गत तर माझ्याहून वाईट. लग्नाला दोनच वर्षं झालेली, ती दोन्ही गेली. ती चुलीपुढं दिसली की दादा नजर खाली घालून अदबीनं विचारायचा, "बाई, तुमी कोनाइकडल्या?"

"इथलीच हाये," वहिनी म्हणायची. आणि भाकरी थापत राहायची.

मी मात्र ऐकणारा नव्हतो. आमच्या मास्तरानं मला पाढे जसे शिकवले तसंच मी दादाला शिकवायला घेतलं, छडी तेवढी सोडून. सकाळी ओसरीवर समोर बसवायचं. मी कोण? तुझा भाऊ. ही कोण? तुझी बायको. आज वार कोणता? दुपारपर्यंत पाठ, संध्याकाळी कोरी पाटी. महिनाभर मी सोडलं नाही. त्या महिन्यात दादा दुपारी डोकं धरून कोपऱ्यात बसायला लागला. एकदा रडला. एकदा मला ओसरीवरून खाली ढकललं.

वहिनी पदर सावरत दाराशी आली. "भाऊजी, तुमी त्यायले शिकवून राह्यले का जिकून राह्यले?"

बायकांच्या बोलण्याला उत्तर देण्याची मला सवय नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पाठ घेतला नाही.

त्याच सुमारास ताटाची गोष्ट झाली. दादा अर्धंच जेवायचा. उजवीकडची भाकरी संपवायचा, डावीकडची भाजी जशीच्या तशी. आणि उठताना म्हणायचा, "आज भाजी नाई केली काय?" मायला वाटायचं, वांगं आवडेनासं झालं. तिनं अंबाडी केली, मेथी केली, पिठलं केलं. सगळं डावीकडं तसंच. मी त्याच्याशी बारा दिवस भांडलो की भाजी समोर आहे, डोळे फुटले काय. वहिनी एक दिवस पाणी ठेवायला आली, घटकाभर पाहत राहिली, आणि खाली वाकून ताट अर्धं फिरवलं. भाजी उजवीकडं आली. दादा म्हणाला, "हाव, हे पाह्य, आता वाढली!" आणि पुसून खाल्ली.

त्याला डावीकडचं दिसतच नव्हतं. डोळ्याला दिसत असेल, डोक्याला दिसत नव्हतं. तेव्हापासून वहिनी त्याच्याशी उजवीकडूनच बोलायची आणि जेवण निम्मं झालं की ताट फिरवायची. ही अक्कल मला यायला पाहिजे होती. नाही आली.

पण फेट्याची अक्कल माझीच. गावात एक लग्न झालं, तिथं मला लाल फेटा मिळाला. तो मी सलग तीन दिवस उतरवला नाही, मिरवायला. चौथ्या दिवशी सकाळी दादा मला पाव्हणे म्हणाला नाही. म्हणाला, "चाल बे, शेण काढू." मी म्हटलं, मी कोण? म्हणाला, "तू नाई काय तो, लाल फेट्यावाला. माहा भाऊ." चेहरा ठरत नव्हता, रंग ठरला होता.

मग मी तो फेटा वर्षभर डोक्यावरून काढला नाही. विहिरीवर अंघोळीलाही तो डोक्यावर. लोक म्हणायचे, याला नवरदेव व्हायची घाई झाली. म्हणू द्या. रोज उन्हं ओट्यावर आली की दादा गोठ्यात, मी मागून, दोघं मिळून शेण काढायचो. डाक्तरानं सांगितलं होतं तसं, तेच काम, तीच वेळ. त्याच्या हाताला सगळं येत होतं. फक्त थांबायचं येत नव्हतं. गोठा झाडायला लागला की रस्ता झाडत मारुतीपर्यंत जायचा. कोणीतरी "पुरे" म्हणावं लागे.

अशात बांगड्या विकणाऱ्या बाईनं निरोप आणला. वहिनीचं माहेर घाटावर, जानेफळाकडं. तिचा बाप तिकडचा मोठा ताठ माणूस. निरोप असा: येत्या गुरुवारी येतो. जावई ठीक असेल तर जेवून परत जाईन. ठीक नसेल तर पोरगी बंडीत घालून नेईन, पंचांपुढं काडीमोड करीन आणि तिचं दुसरं लावून देईन.

घरात चूल पेटेना. माय रडायला बसली. मी वहिनीला विचारलं, "तुमाले जायाचं हाये काय?"

"मले कोनं इचारलं?" ती म्हणाली.

"मी इचारून राह्यलो ना."

"मंग नाई जायाचं. पन माह्या बापाले नाई म्हनलं तं तो आनखीन हट्टाले पेटते. तुमच्यासारखाच हाये." आणि पुढं म्हणाली, "भाऊजी, त्यायले जसे हायेत तसे दिसू द्या."

हे मला पटलं नाही. मी माझा बेत केला. दादाला कमी बोलू द्यायचं. मी त्याच्या उजवीकडं बसणार. मी मिशीला हात लावला की त्यानं 'हाव' म्हणायचं, कानाला लावला की गप्प बसायचं. दोन दिवस आम्ही तालीम केली. तिसऱ्या दिवशी मी सहज मिशी खाजवली तर दादा बैलाला म्हणाला, "हाव." म्हणजे बेत बसला होता.

सोयरा, म्हणजे वहिनीचा बाप, आला की त्याला फेटा बांधायचा असतो. बानं मला खामगावच्या बाजारात कापड आणायला पाठवलं. माझा फेटा वर्षभरात विटून विटकरी झाला होता, दादानं दोनदा मला पाव्हणे म्हटलं होतं. दुकानात लालभडक चांगलं कापड दिसलं. मी एकाच कापडातून दोन फेटे फाडून घेतले, एक सोयऱ्याला, एक मला. वाटलं, रंग तर सोडायचा नाही, आणि पाहुण्यालाही चांगलंच द्यायला पाहिजे. याच्यापलीकडं माझ्या डोक्यात काही आलं नाही. ज्यानं सगळं जुळवलं होतं त्याच्याच डोक्यात आलं नाही.

गुरुवारी उन्हं चढायच्या आत सोयऱ्याची बंडी आली. पाय धुतले, बानं लाल फेटा बांधला, ओसरीवर घोंगडी टाकून बसवलं. गूळपाणी झालं. मी नवा फेटा घालून तयारच होतो, पण बा म्हणाला, "जा, दोघा पंचायले घेऊन ये. त्यायच्यापुढंच होऊ दे काय व्हायाचं ते." मी गेलो. दादा मागं परसात होता. तो बोलावल्याशिवाय येणार नाही अशी मला खात्री होती.

पुढचं मला बानं सांगितलं. उन्हं ओट्यावर आली. शेणाची वेळ झाली. दादा परसातून ओसरीवर आला, त्याला उजवीकडं लाल फेटा दिसला, आणि तो सोयऱ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काऊन बे, बसला काय मजेत? शेन कोन काढन, तुहा सासरा?"

सोयऱ्यानं बाच्या तोंडाकडं पाहिलं. बानं आढ्याकडं पाहिलं. हा तुझा भाऊ नाही असं बोललं की सगळं उघडं पडलं. दाराआड मायनं तोंडात पदर कोंबला. पाव्हण्यापुढं ती बोलणार नव्हतीच.

"ऊठ ना बे लेका! आंगात आलं काय?"

जावयाचा मान मोठा. त्यानं काही मागितलं तर सासऱ्यानं नाही म्हणायचं नसतं, आणि घाटावरची माणसं मानपानाची फार पक्की. सोयरा हळूच बाला म्हणाला, "इवाई, तुमच्या घाटाखाली हे रीत हाये काय?"

बा म्हणाला, "हाव."

बा उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता. बोलला तर हे बोलला.

सोयरा उठला. धोतर खोचलं आणि गोठ्यात गेला.

मी दोन पंचांना घेऊन परसाच्या वाटेनं आलो तर गोठ्याच्या कुडाआडून दादाचा आवाज. "तथं राह्यलं. कोपऱ्यात. नवा फेटा घातला म्हनून हात मोडले काय?" मी कुडाच्या फटीतून पाहिलं. वहिनीचा बाप कोपरापर्यंत शेणात. नवा फेटा एका कानावर कलला होता. मी पंचांना हातानं थांबवलं. तिघंही तिथंच उभे राहिलो, आत जायची माझी छाती झाली नाही.

मग दादा त्याच्याजवळ गव्हाणीवर बसला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "पाह्य, तुले एक सांगतो. कोनाले सांगू नको."

"सांगा," सोयरा म्हणाला.

"ते बाई हाये ना घरात. मले तिची ओयख नाई लागत. रोज सकाळी नवीच वाटते. इचाराची लाज वाटते आता. पन चांगली हाये. ते असली का डोकं नाई दुखत." थोडा वेळ तो वैरणीची काडी मोडत बसला. "तिले कोनी न्याले येऊन राह्यलं म्हने. माय रडून राह्यली होती. तो आला का मले सांगजो."

"काऊन? मारशीन काय त्याले?"

"मारू कायले? मीबी बसतो ना बंडीत. तिच्यासंगं जातो. मले काय, कुठंबी शेनच काढनं हाये."

सोयरा शेणाचे हात तसेच धरून उभा राहिला. माझ्याशेजारच्या एका पंचाला ठसका लागला, हसूचा का कशाचा ते मला कळलं नाही. दादानं वळून कुडाकडं पाहिलं आणि त्याला मी दिसलो. त्यानं माझ्या फेट्याकडं पाहिलं. सोयऱ्याच्या फेट्याकडं पाहिलं. परत माझ्या. मी घाईनं कानाला हात लावला, मग मिशीला, मग कोणता कशासाठी तेच विसरलो.

"अरे बाप्पा," दादा म्हणाला. "दोन झाले! एकच इतका बोलते."

झाकायला काही उरलं नाही. सोयऱ्यानं हात धुतले, ओसरीवर पंचांपुढं बसला. एका पंचानं खाकरून विचारलं, "मंग, कसे वाटले जवाई?"

"शेन चांगलं काढून घेतलं माह्याकून," सोयरा म्हणाला. मग बाच्याकडं वळला. "इवाई, रीत हाये म्हनले तुमी."

बा खाली पाहत म्हणाला, "आजपासून लावली."

सोयऱ्यानं वहिनीला हाक मारली. ती दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली. "चाल व बाई. तयारी कर. जवाई काही ठीक नाई, ते मले दिसलं."

"मी आली तं हे मांगं येतीन," वहिनी म्हणाली. गोठ्यातलं सगळं तिनं चुलीमागच्या भिंतीतून ऐकलं होतं. "तुमी ऐकलं ना आताच. मंग मले दुसरीकडं देलं का तुमच्या घरी ह्यायचं ताट कोन फिरवन? तुमी?"

"कायचं ताट?"

"पाहा मंग जेवताना."

जेवणं झाली. दादा सोयऱ्याशेजारीच बसला. अर्धं जेवला, भाजी नाही केली काय म्हणाला, वहिनीनं ताट फिरवलं. सोयरा आपला घास हातात धरून पाहत होता. त्यानं दुसरी भाकरी घेतली नाही. हात धुताना बाला म्हणाला, "मी आठ दिस राहतो. एका दिसात काय समजते?"

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाजिरवाणे. दादाच्या डोक्यात लाल फेट्यावाला भाऊ म्हणजे आता सोयरा. सोयऱ्यानं फेटा उतरवावा म्हणून मी आडून सुचवलं, तो म्हणाला, "आहेराचा हाये. उतरवला तं तुमचा अपमान." मग मी माझा उतरवला. घरात दोन भाऊ झाले की दादा घाबरा व्हायचा, आणि तसं मला पाहवत नव्हतं. उतरवल्यावर दुसऱ्याच सकाळी दादा मला म्हणाला, "राम राम पाव्हने. लय दिस राह्यले. घरी शेतीवाडी नाई काय?" सोयरा मिशीत हसायचा आणि घमेलं उचलून गोठ्यात जायचा.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी न्हाव्याची दोन पोरं अंगणात ओरडत आली, तशी दादानं कान दाबले आणि तांब्या भिरकावला. तो सोयऱ्याच्या खांद्याला लागला. सोयरा चवताळून उठला, वहिनी मध्ये आली, आपल्या बापाला म्हणाली, "बा, बसा. बोलू नका." तिनं दार लोटून घेतलं, अंधार केला, आणि दादाच्या उजवीकडं नुसती बसून राहिली. काहीच केलं नाही. तासाभरानं दादा म्हणाला, "भूक लागली." सोयरा तेवढा वेळ खांदा चोळत भिंतीला टेकून होता. संध्याकाळी तो मला म्हणाला, "हे रोज होते काय?" मी म्हटलं, आधी रोज व्हायचं, आता आठवड्यातून एकदा. "कोनं कमी केलं?" मी म्हटलं, दोघांनी मिळून. मग त्याच्या नजरेकडं पाहून म्हटलं, बरं, वहिनीनं.

नवव्या दिवशी त्यानं बंडी जुंपली. वहिनी अंगणात गोधड्या धूत होती. तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"आखरीचं इचारतो. येतं काय?"

"नाई."

"माय इचारन तुही. तिले काय सांगू?"

"सांगा, बरी हाये. दिवाळीले येईन चार दिस. दोघंबी येऊ."

सोयरा पंचांकडं गेला नाही. काडीमोडीचं नाव त्यानं काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही. बाला रामराम केला, मला म्हणाला, "तू आता पिवळा घेजो. लाल माहा झाला," आणि बंडी हाकली. मी म्हटलं, बघू. पिवळा मी घेतला, पण आणखी तीन महिन्यांनी, आणि माझ्या मनानं.

बंडी नाल्यापार दिसेनाशी झाली. दादा उन्हात डोळ्यांवर हात धरून तिकडं पाहत होता. मग वहिनीला म्हणाला, "हे कोन होते?"

"माहा बाप."

"मंग तुमी काऊन नाई गेल्या?"

"काम पडलं हाये ना इथं."

"काय काम?"

वहिनीनं ओल्या गोधडीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "पिळा," म्हणाली. दादा पिळायला लागला. पाणी गळायचं थांबलं तरी पिळतच होता, गोधडीचा दोर व्हायला आला. मी सांगणार होतो, तोंडही उघडलं होतं. पण वहिनी म्हणाली, "पुरे," आणि तो थांबला.